पोस्टातून माल पाठवायला सुरुवात करताय? खिडकीच्या मागे काय चालतं, ते आधी समजून घ्या

घरी शिवलेल्या गोधड्या असोत, स्वतः छापलेली पुस्तकं असोत की चामड्याच्या चपला, पहिली दहा-वीस गिऱ्हाइकं ओळखीतली असतात. मग परगावाहून पहिली ऑर्डर येते आणि प्रश्न उभा राहतो की हे पाठवायचं कसं. कुरिअरवाला तालुक्याच्या गावापर्यंत जातो. पुढच्या वाडीवर जातो तो पोस्टमनच. देशात दीड लाखाहून जास्त डाकघरं आहेत आणि त्यातली दहापैकी नऊ ग्रामीण भागात आहेत. लहान धंदेवाल्यासाठी याहून लांब पोचणारं जाळं दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

पण नवीन माणूस पोस्टात जातो तेव्हा त्याला फक्त खिडकी दिसते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याशी तो दरावरून हुज्जत घालतो, पार्सल हरवलं तर त्याच्यावरच चिडतो, सवलत मागायची तर त्याच्याकडेच मागतो. या तीनही गोष्टी त्याच्या हातात नसतात. त्या कोणाच्या हातात असतात आणि तिथवर कसं पोचायचं, ते मी इथे पायरीपायरीने सांगतो. गेली काही वर्षं मी स्वतः पोस्टाने माल पाठवतोय आणि ओळखीतल्या पाच-सहा जणांना सुरुवात करून दिली आहे. त्यातून जे पक्कं कळलं, तेवढंच लिहितो.

पहिली पायरी : वर कोण बसलंय ते ओळखा

पोस्ट ही कंपनी नाही, महामंडळही नाही. ते केंद्र सरकारचं खातं आहे. संचार मंत्रालयाखाली डाक विभाग येतो, त्याचा सचिव हा डाक सेवा मंडळाचा अध्यक्ष असतो. त्याखाली देशाचे २३ परिमंडळांत, म्हणजे सर्कलमध्ये, भाग पाडले आहेत. आपलं महाराष्ट्र परिमंडळ, त्यात गोवाही येतो. परिमंडळावर मुख्य पोस्टमास्तर जनरल, त्याखाली पुणे, नागपूर अशा क्षेत्रांवर पोस्टमास्तर जनरल, मग विभागावर प्रवर अधीक्षक किंवा अधीक्षक डाकघर, उपविभागावर निरीक्षक किंवा सहायक अधीक्षक. सगळ्यात खाली मुख्य डाकघर, उपडाकघर आणि गावातलं शाखा डाकघर.

एवढी उतरंड पाठ करायची गरज नाही. तुमच्या कामाचं पद एकच : विभागाचा अधीक्षक. व्यवसायाचा करार तिथे होतो, तक्रारीची लेखी दखल तिथेच घेतली जाते. आपल्या भागाचं अधीक्षक कार्यालय कोणत्या इमारतीत आहे, हे आजच विचारून वहीत लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी ते मुख्य डाकघराच्याच आवारात किंवा जवळपास असतं.

सोबत आणखी एक नाव लक्षात ठेवा : आरएमएस, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. तुमचं पार्सल डाकघरातून निघालं की वर्गीकरण आणि वाहतूक हे लोक पाहतात आणि त्यांचे विभाग वेगळे असतात. पार्सल वाटेत अडकलं असेल तर डाकघराचा पोस्टमास्तर 'आमच्याकडून गेलं' म्हणतो ते खरंच असतं. त्याच्यापाशी भांडून काही निघत नाही, कारण पुढचा हिशेब दुसऱ्याच्या ताब्यात असतो.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. १८९८ चा भारतीय डाकघर कायदा १२५ वर्षं चालला. त्याच्या जागी डाकघर कायदा, २०२३ आला आणि तो १८ जून २०२४ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात पत्रं वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे होता, नव्यात तो नाही. दर ठरवण्याचे अधिकार डाक सेवा महासंचालकांकडे आहेत. त्यामुळे खिडकीवर घासाघीस करण्यात काहीच अर्थ नाही, तिथल्या माणसाला एक रुपयाही कमी करता येत नाही. आणि नव्या कायद्यातही एक गोष्ट जुन्यासारखीच राहिली आहे : नियमांत जेवढी ठरवून दिली आहे तेवढी जबाबदारी सोडली, तर सेवेतल्या चुकीसाठी डाकघर जबाबदार धरलं जात नाही. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केलं असेल तर गोष्ट वेगळी. धंद्याच्या दृष्टीने या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच. पुढे विम्याबद्दल आणि तक्रारीबद्दल जे सांगणार आहे, ते सगळं यावर उभं आहे.

मग या खात्यावर लक्ष कोण ठेवतं? दूरसंचार क्षेत्राला १९९७ पासून ट्राय आहे, तसा पोस्टासाठी वेगळा स्वतंत्र नियामक आपल्याकडे नाही. सेवा देणारंही सरकार आणि तिचे नियम करणारंही सरकार. देखरेख होते ती दुसऱ्या वाटांनी. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, हिशेब तपासतात. संसदेची दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान विषयाची स्थायी समिती दरवर्षी खात्याच्या खर्चाच्या मागण्या पाहते आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते. सामान्य माणसासाठी केंद्राचं तक्रार पोर्टल, डाक अदालत, माहितीचा अधिकार आणि ग्राहक आयोग आहेत. नियामक नसला म्हणून दाद मागायला जागाच नाही असं नाही, पण दार आपल्याला शोधावं लागतं आणि कागद घेऊन जावं लागतं.

दुसरी पायरी : सेवा निवडताना जुन्या आठवणींवर जाऊ नका

'रजिस्टर करून पाठव' हे घरातली मोठी माणसं अजून म्हणतात. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे. स्पीड पोस्ट १९८६ मध्ये सुरू झालं आणि दोन्ही सेवा कित्येक वर्षं शेजारी शेजारी चालल्या. आता स्पीड पोस्ट करायचं आणि हवं असेल तर त्यावर 'रजिस्ट्रेशन' ही जोड घ्यायची. त्याचे ५ रुपये अधिक जीएसटी. ही जोड घेतली तर बटवडा पत्त्यावरच्या माणसालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसालाच होतो. दुसरी जोड ओटीपीची, तिचेही ५ रुपये अधिक जीएसटी. घेणाऱ्याच्या मोबाईलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय वस्तू हातात दिली जात नाही. 'मला मिळालंच नाही' असं म्हणणारं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा तरी भेटतं. महागाच्या वस्तूवर ही जोड मी नेहमी घेतो.

कागदपत्रांच्या स्पीड पोस्टाचे दर १ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले. ५० ग्रॅमपर्यंत शहरातल्या शहरात १९ रुपये, बाहेर देशभर कुठेही ४७ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. पार्सलचे दर वेगळे आहेत, ते वजन आणि अंतरावर ठरतात, आणि मोठं पण हलकं खोकं असेल तर लांबी-रुंदी-उंचीवरून आकारमानाचं वजन काढून त्याप्रमाणे पैसे घेतले जातात. गोधडी, उशा, बांबूच्या टोपल्या पाठवणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावं. गोधडी घट्ट गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत भरली की खर्चात उघड फरक पडतो. वस्तूची विक्री किंमत ठरवण्याआधी एक नमुना बांधून, पोस्टात वजन करून, दर विचारून या. अंदाजाने 'टपालखर्च ५० रुपये' असं जाहीर करून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. पुढे प्रत्येक ऑर्डरला त्यांच्या खिशातून पैसे जातात.

पुस्तकं विकत असाल तर ज्ञान पोस्ट बघा. १ मे २०२५ ला सुरू झालेली ही सेवा फक्त पुस्तकांसाठी आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि वाढत वाढत ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा. ट्रॅकिंग मिळतं. माल जमिनीवरून जातो म्हणून वेळ लागतो. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, जाहिराती असलेलं किंवा नियतकालिक चालत नाही. लहान प्रकाशकांनी आणि स्वतःचा कवितासंग्रह स्वतः विकणाऱ्यांनी ही सेवा सोडू नये.

पैसे आधी द्यायला गिऱ्हाईक तयार नसेल तर कॅश ऑन डिलिव्हरी आहे. पोस्टमन दारात पैसे घेतो, पोस्ट ते तुमच्या खात्यात जमा करतं. यात परत येणाऱ्या पार्सलांचा खर्च धरूनच हिशेब करा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा की पहिले सहा महिने आगाऊ पैशांवरच चालवा.

तिसरी पायरी : पत्ता आणि बांधणी

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. सहा आकड्यांतला पहिला देशातला मोठा भूभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं बटवडा करणारं डाकघर. गावाचं नाव अर्धवट असलं तरी पार्सल पोचतं, पिनकोड चुकला तर मात्र ते सरळ चुकीच्या दिशेला धावतं. कारण वर्गीकरणाच्या जागी पार्सल आधी आकड्यांवरून वेगळं होतं, पत्ता नंतर वाचला जातो.

हे मी अनुभवाने शिकलो. सुरुवातीच्या वर्षात लातूरच्या एका ताईंनी भाचीच्या बारशासाठी दुपट्यांचा संच मागवला होता. लातूरचा पिनकोड ४१३ ने सुरू होतो. मी घाईत ४३१ लिहिला. तो छत्रपती संभाजीनगर, नांदेडकडचा. पार्सल इमानाने तिकडे गेलं, तिथून पत्ता वाचून परत वळवलं गेलं, आणि ताईंच्या हातात पडलं तेव्हा बारसं होऊन चार दिवस झाले होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा कधी ऑर्डरही आली नाही. पोस्टाची यात काहीच चूक नव्हती. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाने दिलेला पिनकोड डाक विभागाच्या संकेतस्थळावर टाकून पाहतो. डाकघराचं नाव गिऱ्हाइकाच्या गावाशी जुळलं तरच चिठ्ठी छापतो. एका पार्सलला अर्धा मिनिट लागतो.

पत्ता छापून चिकटवा आणि त्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पेनाने लिहिलेल्या पत्त्याचा भरवसा धरू नका. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पिनकोडसह डावीकडे, दोघांचे मोबाईल नंबर, आणि खोक्याच्या आत एका चिठ्ठीवर तोच पत्ता पुन्हा. बाहेरची चिठ्ठी फाटली तर आतली कामाला येते.

बांधणीबद्दल एकच कसोटी सांगतो. बांधलेलं खोकं कंबरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. आतून खळखळ आवाज आला तर उघडून पुन्हा बांधा. द्रवपदार्थ, अत्तर, फटाके, आगकाडीसारख्या ज्वलनशील वस्तू, रोख रक्कम यांच्या वाटेला नवीन माणसाने जाऊच नये. लोणचं किंवा तेल पाठवायचंच असेल तर आधी पोस्टात विचारून, गळणार नाही अशा दुहेरी बांधणीत.

बुकिंगची पावती मिळाली की तिथेच, खिडकीसमोर उभं राहून, तीन गोष्टी तपासा : पिनकोड, वजन, घेणाऱ्याचा मोबाईल नंबर. पावतीवरचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी भारतासाठी 'आयएन'. त्या नऊपैकी शेवटचा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणून एखादा आकडा चुकीचा टाकला तर यंत्र 'असा क्रमांक नाही' म्हणतं. क्रमांक सापडत नाही म्हणून घाबरण्याआधी आपणच चुकीचा टाकला नाही ना, ते बघा. पावतीचा लगेच फोटो काढा. ती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर छापलेली असते आणि दोन-तीन महिन्यांत कोरी होते. तक्रार करायची वेळ येते तेव्हा नेमकी तीच लागते.

चौथी पायरी : व्यावसायिक ग्राहक व्हा

महिन्याला पाच-दहा पार्सलं असतील तर खिडकी पुरे. आकडा वाढायला लागला की अधीक्षक कार्यालयात जा आणि व्यवसाय विकासाचं काम पाहणाऱ्या माणसाला भेटा. अनेक विभागांत यासाठी मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह नेमलेले असतात आणि नवीन ग्राहक मिळाला तर त्यांनाही हवाच असतो. जाताना तोंडी अंदाज नेऊ नका. गेल्या तीन महिन्यांत किती पार्सलं गेली, सरासरी वजन किती, कोणत्या जिल्ह्यांत किंवा राज्यांत, असा एका पानाचा तक्ता न्या. असा तक्ता समोर ठेवला की बोलणं थेट कामाच्या मुद्द्यावर येतं. काय मागायचं? जास्त संख्येवरची सवलत (नव्या बल्क ग्राहकांना स्पीड पोस्टात ५ टक्क्यांची खास सवलत जाहीर झालेली आहे), माल घरून उचलून नेण्याची सोय, कॅश ऑन डिलिव्हरीचा करार, आणि उधारीचं खातं, म्हणजे आज बुक करा आणि महिनाअखेरीला बिल भरा. कोणती सोय किती व्यवसायावर मिळेल, ते लेखी घ्या.

उधारीच्या खात्याबाबत एक इशारा. २०२३ च्या कायद्याप्रमाणे पोस्टाचं थकलेलं शुल्क जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल करता येतं. हे दुकानातल्या उधारीसारखं खातं नाही. बिलाची तारीख चुकवू नका, आणि बिलातली एखादी नोंद चुकीची वाटली तर मुदतीआधीच लेखी कळवा.

सोबत नेण्याचे कागद : पॅन, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश, पत्त्याचा पुरावा, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि असेल तर जीएसटी नोंदणी. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी पैसे मागणारी नक्कल संकेतस्थळं बरीच आहेत, त्यांना बळी पडू नका. जीएसटीबाबत नवखे एके ठिकाणी हमखास अडकतात. वस्तूंसाठी ४० लाखांची मर्यादा ऐकून ते निश्चिंत असतात. पण ती मर्यादा राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकला वस्तूंना अटींसह सूट आहे. कोल्हापूरहून बेळगावला पार्सल पाठवणं म्हणजे आंतरराज्य विक्री. सीए किंवा कर सल्लागाराला हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच विचारा. नोंदणी असेल तर करारात तुमचा जीएसटी क्रमांक नोंदवून घ्या, म्हणजे टपालखर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येतं.

पाचवी पायरी : परदेशी पाठवायचं असेल तर

यासाठी सरकारने डाकघर निर्यात केंद्रं काढली आहेत. २०२२ पासून सुरू झालेली ही केंद्रं आता देशभरात हजाराहून जास्त आहेत, जिल्ह्याच्या आणि मोठ्या तालुक्यांच्या गावी सापडतात. पूर्वी निर्यातीची कागदपत्रं घेऊन मुंबईच्या विदेश डाकघराच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता निर्यातीचं टपाल बिल घरबसल्या पोर्टलवर भरता येतं, पार्सल आपल्या जवळच्या केंद्रात द्यायचं आणि कस्टमची तपासणी ऑनलाइन होते.

क्रम असा धरा. आधी आयात-निर्यात कोड काढा, तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पडताळून अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. मग जीएसटी नोंदणी असल्यास हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरा, म्हणजे निर्यातीवर कर आधी भरून परतावा मागत बसावं लागत नाही. मग निर्यात केंद्राच्या पोर्टलवर खातं काढा. वस्तूचा एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडा, नेमका शोधा. 'हातमागाची वस्तू' असं मोघम लिहिलं तर पार्सल पलीकडच्या कस्टममध्ये अडकतं. 'सुती गोधडी, हाताने शिवलेली, १ नग' असं लिहिलं तर पुढे सरकतं. किंमत खरीच लिहा. गिऱ्हाईक 'गिफ्ट लिहून पाठवा' म्हणेल, नम्रपणे नाही म्हणा.

पार्सल सीमेपलीकडे गेलं की त्याचा ताबा त्या देशाच्या पोस्टाकडे जातो. हे सगळं १८७४ मध्ये बर्नला स्थापन झालेल्या जागतिक डाक संघाच्या नियमांनी चालतं आणि भारत त्यात १८७६ पासून आहे. म्हणून तिकडचा कायदा बदलला की इथली खिडकी बंद होऊ शकते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली, तेव्हा भारतीय पोस्टाने अमेरिकेकडचं बहुतेक टपाल त्याआधीच थांबवलं होतं. ते १५ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा सुरू झालं, तेही आयात शुल्क इथेच बुकिंगच्या वेळी भरून घेण्याच्या पद्धतीने. दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन बसलेल्यांचे ते आठवडे फार वाईट गेले. परदेशी ऑर्डरचे पैसे घेण्याआधी त्या देशाकडे सेवा चालू आहे का, हे त्याच दिवशी तपासा.

सहावी पायरी : पार्सल अडकलं, हरवलं, फुटलं तर

आधी भरपाईचं वास्तव. वर सांगितल्याप्रमाणे डाकघराची जबाबदारी नियमांपुरती मर्यादित आहे. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातलं जे कमी ते, असं सूत्र वर्षानुवर्षं चालत आलं आहे. म्हणजे ३००० रुपयांची साडी ८० रुपये भरून पाठवली आणि हरवली, तर हाती १६० रुपये येतात. साडीची किंमत त्यात धरलेलीच नाही. म्हणून दोन हजारांच्या वरच्या वस्तूवर बुकिंगच्या वेळीच विमा काढा आणि त्याचा खर्च विक्री किमतीत धरा. नंतर कितीही भांडलात तरी विमा मागे जाऊन काढता येत नाही.

तक्रार शिडीसारखी चढायची असते. मधली पायरी सोडलीत तर वरचा अधिकारी तुम्हाला खालीच पाठवतो.

ट्रॅकिंगवर तीन-चार दिवस नवी नोंद नसेल तर डाक विभागाच्या संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या नि:शुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तोंडी चौकशी ही तक्रार धरली जात नाही. ट्रॅकिंगच्या पानाचा तारखेसह फोटो काढून ठेवा, पुढे नोंदी बदलतात. उशीर करू नका, देशांतर्गत पार्सल असेल तर काही दिवसांतच तक्रार करा. परदेशी पार्सलची चौकशी सहा महिन्यांच्या आत करावी लागते.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही, किंवा 'तक्रार निकाली' असा नुसता संदेश आला, तर अधीक्षकांना लेखी अर्ज द्या. अर्ज कसा लिहायचा ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. लोक दोन पानं मनस्ताप लिहितात आणि पार्सलचा क्रमांक विसरतात. मी असा लिहितो :

'दि. … रोजी … उपडाकघरातून स्पीड पोस्ट पार्सल क्र. … बुक केले (पावतीची प्रत जोडली आहे). दि. … रोजी ते … येथे पोचल्याची नोंद ट्रॅकिंगवर दिसते, त्यानंतर नोंद नाही. दि. … रोजी तक्रार क्र. … नोंदवली, समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. विनंती : १) पार्सल सध्या कोठे आहे ते लेखी कळवावे. २) ते हरवले असल्यास तसे लेखी देऊन नियमाप्रमाणे भरपाई मंजूर करावी.'

बस, एवढंच. दोन प्रती, एकीवर आवक शिक्का घ्या. शिक्का मारलेली प्रत म्हणजे तुमचा पुढच्या सगळ्या वाटांचा परवाना. 'लेखी कळवावे' हे शब्द मुद्दाम आहेत : गिऱ्हाइकाला दाखवायला आणि विम्याच्या दाव्याला पार्सल हरवल्याचा कागद लागतो.

त्यानंतर केंद्राचं तक्रार पोर्टल, सीपीग्राम्स. तिथे डाक विभाग निवडून तीच हकिकत, तीच कागदपत्रं टाका. २०२४ च्या सूचनांप्रमाणे तक्रार २१ दिवसांत निकाली काढायची असते, आणि निकाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. अपील करणारे फार थोडे असतात. तुम्ही करा, कारण अपील वरच्या अधिकाऱ्यापुढे जातं.

सहा आठवडे उलटूनही तड लागली नसेल तर डाक अदालत. साधारण दर तिमाहीला विभाग, क्षेत्र आणि परिमंडळ पातळीवर ती भरते. तारीख वर्तमानपत्रांत छोट्या बातमीत येते, अधीक्षक कार्यालयातही कळते. अर्जात मूळ तक्रार कधी, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे केली ते लिहावं लागतं. शिक्क्याची प्रत इथे कामी येते. समोरासमोर बोलायला मिळतं, कारकुनापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळे कागद घेऊन बसलेले असतात. अडकलेली भरपाई किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचे न जमा झालेले पैसे यांसाठी ही जागा मला सगळ्यात उपयोगी वाटते.

ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. २०१९ च्या कायद्याखाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात तक्रार करावी लागते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. पण दोन अडचणी आधीच जाणून घ्या. एक, व्यापारी हेतूने घेतलेली सेवा असेल तर तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'ग्राहक' बसता का, यावर समोरचा पक्ष आक्षेप घेतो. पोटापाण्यासाठीच्या स्वयंरोजगाराचा मुद्दा त्यावर मांडावा लागतो. दोन, डाकघराच्या मर्यादित जबाबदारीचं कलम पुढे केलं जातं. म्हणून रक्कम मोठी असेल आणि कर्मचाऱ्याच्या गैरप्रकाराचा पुरावा असेल तरच, वकिलाचा सल्ला घेऊन ही वाट धरा.

राहिला माहितीचा अधिकार. याने भरपाई मिळत नाही, पण पार्सल कोणत्या दिवशी, कोणत्या कार्यालयात, कोणाच्या ताब्यात होतं याची नोंदीची प्रत मिळते, आणि अडलेल्या तक्रारीत तीच निर्णायक ठरते. '… क्रमांकाच्या वस्तूच्या बटवडा नोंदीची प्रत द्यावी' असा नेमका प्रश्न विचारा. 'का हरवलं' असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण कारणं देणं या कायद्यात बसत नाही, नोंदी देणं बसतं. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि ते १० रुपये भरायला लागणारी पोस्टल ऑर्डर त्याच खिडकीवर मिळते.